वाचकांचे प्रश्न : 'टाइम आउट' आख्खा वाजवला, पण रेकॉर्डसारखा का नाही वाजवला?

मागच्या महिन्यात आपल्या सोलापुरात पुण्या-मुंबईकडच्या चार वादकांनी अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटचा, म्हणजे चौघांच्या संचाचा, १९५९ चा 'टाइम आउट' हा जॅझ अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर वाजवला. त्यानंतर या सदराकडे त्याबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच करतोय. मी स्वतः त्या कार्यक्रमाला होतो, त्यामुळे उत्तरं ऐकीव नाहीत. लांब प्रश्न जरा आटोपशीर केलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न : 'टेक फाइव्ह' मी कॉलेजपासून ऐकतोय, त्यातला सॅक्सोफोन मला सुरासुराने पाठ आहे. कार्यक्रमात सुरुवातीची धून बरोबर वाजली आणि मग त्या सॅक्सवाल्याने भलतंच काहीतरी सुरू केलं, रेकॉर्डमधला एक तुकडासुद्धा नाही, आणि पाच-साडेपाच मिनिटांचं गाणं त्याच्या दुप्पट चाललं. जाहिरातीत तर 'क्लासिक अल्बम जसाच्या तसा' असं छापलं होतं. तिकीट काढून गेलेल्या माणसाने काय समजायचं? — एक वाचक, जुळे सोलापूर

तुमचा राग जाहिरातीवर असेल तर तो शंभर टक्के बरोबर आहे. जॅझच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत 'जसाच्या तसा' हे शब्द यायलाच नको होते, आयोजकांनी पुढच्या वेळी हे नक्की टाळावं. पण राग वादकांवर असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा भरपूर होतात आणि तिथे 'हुबेहूब' ही सगळ्यात मोठी दाद असते. तिथे ते योग्यच आहे, कारण त्या गाण्यातलं व्हायोलिन, मेंडोलिन, अ‍ॅकॉर्डियन हे सगळं अरेंजरने आधी कागदावर उतरवलेलं असतं, ते गाण्याचाच भाग असतं, ते बदललं की गाणं बदललं. 'टेक फाइव्ह'मध्ये आधी ठरवलेलं किती आहे? पियानोवर सारखा फिरणारा दोन कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) तुकडा, पाच मात्रांचा ठेका, आणि सॅक्सोफोनची धून. बस, एवढंच. धून संपल्यावर मूळ रेकॉर्डमधला सॅक्सवाला पॉल डेसमंड जे वाजवतो ते त्याला १ जुलै १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत त्या क्षणाला सुचलेलं आहे. म्हणजे तुम्हाला जे पाठ झालंय त्यातली धून ही बंदिश, आणि पुढचं सगळं ही त्या माणसाची त्या दिवशीची बढत. ख्याल गाणाऱ्याने बंदिश तीच ठेवावी आणि बढत रोज नवी करावी हीच आपली अपेक्षा असते ना? भीमसेनजींची एखादी रेकॉर्ड घोकून कोणी तानेला तान मारून दाखवली तर आपण त्याला नक्कल म्हणतो, गाणं म्हणत नाही. मग डेसमंडची बढत दुसऱ्याने तशीच्या तशी वाजवावी असं का वाटावं?

आणि गंमत म्हणजे ती रेकॉर्डसुद्धा अनेक प्रयत्नांतला एक प्रयत्न आहे. २०२० मध्ये ब्रुबेकच्या जन्मशताब्दीला त्याच सेशन्समधले आधी न वापरलेले टेक 'टाइम आउटटेक्स' नावाने बाहेर आले, त्यातला 'टेक फाइव्ह' ऐका, ड्रमर जो मोरेलो याचा ठेकाच वेगळा आहे, सॅक्स वेगळा आहे, आणि तरी ओळखू येतं की हे तेच गाणं. मग फेब्रुवारी १९६३ चं कार्नेगी हॉलमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, तेच चौघे, तेच गाणं, पण लय केवढी चढवलीय. खुद्द ज्यांचा अल्बम आहे तेच स्टेजवर जसाच्या तसा वाजवत नव्हते, तर सोलापुरात येऊन चार दुसऱ्या माणसांनी तो तसा वाजवावा हे मला पटत नाही.

हुबेहूबचा प्रयोग कोणी केलाच नाही असं नाही. अमेरिकेतल्या 'मोस्टली अदर पीपल डू द किलिंग' नावाच्या बँडने २०१४ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा आख्खा अल्बम, सगळे सोलो धरून, सुरासुराने परत वाजवून रेकॉर्ड केला. अफाट मेहनत आहे ती, एकेक वाक्य, एकेक श्वास उतरवलाय. मी तो पूर्ण ऐकला आणि माझं मत असं झालं की सूर सगळे आले पण पुढे काय होईल याची उत्सुकता गेली, आणि जॅझमध्ये ती गेली की मग उरतं काय?

आता याचा अर्थ वाटेल ते वाजवा असा अजिबात नाही. जे ठरवलेलं आहे ते पक्कंच पाहिजे, आणि त्या बाबतीत या मंडळींचा हिशोब मांडायचा तर असा. 'टेक फाइव्ह'ची सुरुवात रेकॉर्डमध्ये आधी ड्रम, मग पियानो, मग बास, मग सॅक्स अशी एकेक जण येत होते, ती त्यांनी बरोबर ठेवली. धून स्वच्छ वाजवली, उगाच हरकती घातल्या नाहीत. सॅक्सवाल्याने सोलोमध्ये तीन सुरांचा एक छोटा तुकडा धरला आणि तो पाच मात्रांत सरकवत नेला, आधी पहिल्या मात्रेवर, मग दुसरीवर, मग तिसरीवर, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा मांडीवर मात्रा मोजत होते ते थांबून नुसते स्टेजकडे बघायला लागले. माझ्यासाठी तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

माझी तक्रार आहे ती ड्रम सोलोबद्दल. डेसमंडने हे गाणं मुळात मोरेलोच्या ड्रमसाठी म्हणून बांधलं होतं, आणि रेकॉर्डमध्ये ड्रम सोलो चालू असताना ब्रुबेक पियानोवर तो दोन कॉर्डचा तुकडा शेवटपर्यंत सोडत नाही. तबल्याच्या सोलोला मागे पेटीवर लेहरा चालतो, तेच काम. लेहरा आहे म्हणून तबलजी कितीही लांब गेला तरी ऐकणाऱ्याला घर दिसत असतं. आपल्या कार्यक्रमात ड्रमर रंगात आला आणि पियानोवाल्याने हात उचलला. झालं, हॉलमधल्या लोकांच्या हातातून पाच मात्रा सुटल्या आणि टाळ्या चारात पडायला लागल्या, ड्रमर एकीकडे आणि टाळ्या एकीकडे. हे टाळता आलं असतं. तुमचा प्रश्न जर असा असता की त्यांनी अल्बमला कुठे धक्का लावला, तर मी या जागेवर बोट ठेवलं असतं.

प्रश्न : राम कृष्ण हरी. मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो. नातू घेऊन गेला म्हणून गेलो. पहिलंच गाणं लागलं आणि टाळी कुठं द्यायची तेच कळंना, मोजायला लागलो की हातातनं निसटायचं, मधेच केरव्यासारखं सरळ व्हायचं, परत वाकडं. काय ताल होता तो? — बाळीवेस

राम कृष्ण हरी माऊली. सगळ्या पत्रांमध्ये मला तुमचं पत्र जास्त आवडलं, कारण तुम्ही मोजायला बसलात.

पहिलं गाणं 'ब्लू रोंडो आ ला तुर्क'. त्यात नऊ आहेत, पण तीन-तीन-तीन असे नाहीत. असे मोजा : एकदोन, एकदोन, एकदोन, एकदोनतीन. शेवटचा तुकडा लांब. हे असं तीन वेळा येतं आणि चौथ्या वेळी मात्र सरळ एकदोनतीन, एकदोनतीन, एकदोनतीन. म्हणजे नवाचे चार फेरे, छत्तीसचं एक चक्र, आणि त्यातला चौथा फेरा वेगळा. तुमचं निसटत होतं ते नेमकं या चौथ्या फेऱ्यात निसटत असणार, कारण तिथपर्यंत हाताला सवय लागते आणि मग तो बदलतो. लय फार जलद आहे, म्हणून प्रत्येक आकड्याला टाळी देऊ नका, फक्त 'एक'ला द्या. म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांत चार-चार टाळ्या, आणि त्यातली चौथी टाळी जरा जास्त वेळ थांबते. चौथ्या फेऱ्यात तीनच टाळ्या, सारख्या अंतराच्या. तुमच्यासारख्या पखवाजियाला हे एका संध्याकाळी बसेल.

मधेच सरळ होतं ते पण तुम्ही बरोबर पकडलंत. काही वेळाने नवाचा तुकडा आणि चाराचा तुकडा आलटून पालटून येतात, आणि मग सोलो सुरू झाले की सरळ चार मात्रांचा, बारा बारचा (त्यांच्याकडे आवर्तनाला बार म्हणतात) ब्लूज चालू राहतो, आणि शेवटी परत नऊ. नवातून चारात जाताना ढिलं पडलं तर लगेच कळतं. या बँडने ती सगळी वळणं नीट घेतली, त्यांचं कौतुक करायलाच पाहिजे, कारण तालमीशिवाय हे होत नाही.

बाकीच्या गाण्यांचा हिशोब पण देऊन ठेवतो, परत ऐकाल तेव्हा कामाला येईल. 'टेक फाइव्ह'च्या पाच मात्रा तीन अधिक दोन आहेत. आपल्या झपतालाचं अर्धं घेतलं तर दोन अधिक तीन, म्हणजे उलटं, त्यामुळे झपतालाच्या सवयीने मोजायला गेलात की जोर चुकीच्या जागी पडेल. 'थ्री टू गेट रेडी' हे गाणं सुरुवातीला साधं तीनात येतं आणि मग दोन बार तीनाचे, दोन बार चाराचे असं फिरतं, म्हणजे तीन-तीन-चार-चार, बेरीज चौदा. दीपचंदी पण चौदाच, फक्त तिथे तीन-चार-तीन-चार. 'पिक अप स्टिक्स' सहाचं आहे आणि त्यात बासवर एक ओळ अखंड फिरत असते, ती धरली की चुकायचा प्रश्न नाही. आणि समेचं म्हणाल तर तिहाई घेऊन समेवर येण्याची सक्ती त्यांच्याकडे नाही, पण चक्राची पहिली मात्रा सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते, एकानेही ती सोडली की चौघे पडतात.

नातवाला म्हणावं पुढच्या वेळी पण आजोबांना घेऊन जा.

प्रश्न : या अल्बमची कल्पना ब्रुबेकने भारतातून नेली असं सूत्रसंचालक म्हणाले. खरंय का? — कॉलेज विद्यार्थी, सात रस्ता

अर्धंच. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्रुबेक क्वार्टेटला लांबच्या दौऱ्यावर पाठवलं होतं, त्यात पोलंड, तुर्कस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन असे बरेच देश होते. मुंबईत ब्रुबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. इथल्या वादकांचं लयीवरचं प्रभुत्व बघून तो भारावला होता हे खरं, दौऱ्यानंतरच्या एका अल्बममध्ये 'कलकत्ता ब्लूज' नावाचं गाणंही आहे. पण 'ब्लू रोंडो'चे नऊ त्याला मिळाले इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून, म्हणून तर नावात तुर्क आहे. आणि 'टेक फाइव्ह' ब्रुबेकचं नाहीच, ते डेसमंडचं. स्टेजवरून बोलताना एवढं तरी नीट सांगावं, श्रेय ज्याचं त्याला गेलं पाहिजे. जाता जाता, डेसमंड १९७७ मध्ये वारला तेव्हा त्याने आपल्या रचनांची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन ठेवली, ती अजून त्यांना मिळते.

प्रश्न : 'टेक फाइव्ह' झालं आणि आमच्या रांगेतले निम्मे लोक उठून गेले. मला वाईट वाटलं पण मनात आलं की लोकांना एकच गाणं माहिती असताना आख्खा अल्बम वाजवायचा हट्ट कशाला? चार गाजलेली गाणी इकडून तिकडून घेतली असती तर हॉल शेवटपर्यंत भरलेला राहिला असता. — एक वाचक, होटगी रोड

ताई, हॉल भरलेला राहिला असता हे मान्य. पण 'टाइम आउट'चं म्हणणंच सात गाण्यांत मिळून आहे. जॅझ म्हणजे चार मात्रा असं जवळपास धरून चालले होते त्या काळात या चौघांनी ठरवलं की लयीचे वेगवेगळे प्रयोग करायचे, कुठे नऊ, कुठे पाच, कुठे सहा, कुठे तीन आणि चार एकमेकांत. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना ते पसंत नव्हतं, सगळ्या रचना नव्या, ओळखीचं एक गाणं नाही, कव्हरवर वादकांच्या फोटोऐवजी चित्र, आणि या तालांवर लोक नाचणार कसे ही भीती. कंपनीचे प्रमुख गॉडर्ड लीबरसन मागे उभे राहिले म्हणून डिसेंबर १९५९ मध्ये तो बाहेर आला. 'टेक फाइव्ह' सुद्धा लगेच हिट झालेलं नाही, ते गाजलं १९६१ मध्ये. म्हणजे ज्या गाण्यानंतर लोक उठून गेले ते गाणं लोकांपर्यंत पोचलं ते बाकीच्या सहा गाण्यांच्या सोबतीने, आणि दोन वर्षं वाट बघून.

अडचण खरी आहे ती क्रमाची. एलपीच्या पहिल्या बाजूला तीनच गाणी आहेत, 'ब्लू रोंडो', 'स्ट्रेंज मेडो लार्क' आणि 'टेक फाइव्ह', मग रेकॉर्ड उलटायची. घरी माणूस उठून रेकॉर्ड उलटतो आणि परत ऐकायला बसतो. हॉलमध्ये या बँडने न थांबता पुढे चालू केलं, त्यामुळे सगळ्यात ओळखीच्या गाण्यानंतर लोकांना वाटलं की मुख्य कार्यक्रम संपला. माझा सल्ला साधा आहे : 'टेक फाइव्ह'नंतर मध्यंतर घ्या, चहा होऊ द्या, आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला दोन मिनिटं 'थ्री टू गेट रेडी'चे चौदा लोकांकडून टाळ्यांवर मोजून घ्या. सोलापूरचे लोक टाळ्या द्यायला लाजत नाहीत, आणि एकदा मोजलेलं गाणं सोडून कोणी घरी जात नाही. क्रम बदलून 'टेक फाइव्ह' शेवटी टाकायची युक्ती बरेच जण करतात, मला ती आवडत नाही, कारण मग मधली सगळी गाणी नुसती वाट बघण्यात जातात.

आणि जे उठून गेले त्यांचं 'कॅथीज वॉल्ट्झ' हुकलं त्याचं मला फार वाईट वाटतं. ब्रुबेकने आपल्या मुलीसाठी केलेलं हे गाणं, सुरुवात चारात, मग तीनात जातं, आणि पियानोच्या सोलोमध्ये खाली तीन चालू असताना ब्रुबेक वर चार वाजवतो. त्या रात्री पियानोवाल्याने हे इतकं अलगद केलं की पहिल्यांदा कळलंसुद्धा नाही, मग लक्षात आलं की डावा हात वेगळं बोलतोय आणि उजवा वेगळं, आणि तरी भांडण नाही. ड्रम सोलोमध्ये हात उचलणारा हाच तो माणूस, पण हे एक गाणं त्याने मनापासून वाजवलं.

प्रश्न : आम्ही मागे बसलो होतो. ड्रमने कान बसले, आणि तो उभा मोठा व्हायोलिनसारखा बास होता त्याचा आवाजच आला नाही, नुसता माणूस हात हलवताना दिसत होता. — विजापूर रोड

बरोबर आहे तुमचं, मी मध्यावर होतो, मलाही बास अर्धाच ऐकू आला. डबल बास बोटाने छेडून वाजवतात, त्याचा आवाज मुळात मऊ आणि खालचा. त्याला तारा टेकतात त्या घोडीजवळ पिकअप (आवाज पकडणारं छोटं यंत्र) किंवा नीट लावलेला माइक लागतो, आणि साउंडवाल्याने आधी बास ऐकू येईल एवढा ठेवून मग बाकीचे आवाज त्याच्या हिशोबाने लावायचे असतात. इथे उलटं झालं, ड्रमला चारी बाजूंनी माइक लावले, एवढ्या हॉलमध्ये ड्रमला एवढ्या माइकची गरजच नव्हती, आणि डिजिटल पियानोचा खालचा आवाज इतका वाढवला की त्यात बास बुडाला. मिरवणुकीच्या साउंडची सवय असलेला माणूस प्रामाणिकपणे काम करत होता, पण त्याला कोणी सांगितलंच नसणार की या संगीतात मागच्या रांगेपर्यंत काय पोचायला पाहिजे. आयोजकांनी दुपारी एकाला शेवटच्या रांगेत बसवून साउंड चेक करून घ्यावा, याला जास्तीचा पैसा लागत नाही.

बासबद्दल मी हट्टी आहे त्याला आणखी एक कारण आहे. मूळ क्वार्टेटमध्ये बासवर युजीन राइट होता, चौघांत एकटा कृष्णवर्णीय. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॉलेजांनी ब्रुबेकला सांगितलं की बासवाला बदलून गोरा माणूस आणा, ब्रुबेकने नाही म्हटलं, आणि ठरलेल्या २५ कार्यक्रमांपैकी २३ गेले. ज्या माणसासाठी एवढे कार्यक्रम सोडले त्याची ओळ ऐकू येत नसेल तर तो अल्बम अर्धाच वाजला असं मी समजतो.

प्रश्न : माझा मुलगा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो, अल्टो. कार्यक्रम ऐकून आल्यापासून रोज तेच गाणं काढायला बसतो. शिकवणारं कोणी नाही. हे त्याच्या आवाक्यातलं आहे का, का उगीच वेळ घालवतोय? — एक आई, अशोक चौक

ताई, अजिबात वेळ घालवत नाहीये. बँडमधल्या मुलांची एक ताकद असते, ते नोटेशनशिवाय नुसतं ऐकून गाणं उतरवतात, आणि जॅझवाले पिढ्यान् पिढ्या तसेच शिकत आलेत. आपलं सोलापूर तर फुंकून वाजवायच्या वाद्यांचं गाव आहे, जाधव घराण्याची सुंदरी इथलीच.

त्याला सांगा, वरातीत सॅक्स जोरात फुंकावा लागतो, बाजूला ढोल असतो, पर्याय नसतो. 'टेक फाइव्ह'ला त्याच्या उलट पाहिजे. डेसमंडचा आवाज हलका, कोरडा, हवेत तरंगल्यासारखा. त्यासाठी आधी रोज थोडा वेळ एकेक सूर लांब आणि हळू धरायची सवय करायची, रीड (तोंडाशी लावायची पट्टी) फार जड असेल तर एक नंबर हलकी लावून बघायची. गाणं ई-फ्लॅट मायनरमध्ये आहे, पेटीवर काळी दोन, पण अल्टो सॅक्स ई-फ्लॅटचंच वाद्य असल्यामुळे त्याच्या बोटांना ते सी मायनर पडतं, म्हणजे सोपं आहे, घाबरायचं कारण नाही. मोबाइलवर मेट्रोनोम (लय मोजून देणारं अ‍ॅप) पाचावर लावायचा, आधी सॅक्स बाजूला ठेवून नुसत्या टाळ्या, तीन-दोन, तीन-दोन, चालता-चालता जमेपर्यंत. मग धून, कमी लयीत.

धून बसली की डेसमंडचा सोलो चार-चार बारने उतरवायचा, हो, जसाच्या तसा. वर मी नक्कल नको म्हटलंय ते स्टेजसाठी, घरी शिकताना दुसऱ्याचा सोलो उतरवल्याशिवाय कोणीच शिकत नाही. पाठ झाला की बाजूला ठेवायचा आणि त्याच दोन कॉर्डवर स्वतःच्या दोन ओळी वाजवून बघायच्या, कशाही होवोत. लग्नसराई संपली की त्याला मोकळा वेळ असेल, तेव्हा ओळखीचा कोणी कीबोर्डवाला गाठून मागे ते दोन कॉर्ड धरायला सांगा, एकट्याने वाजवण्यापेक्षा त्याने फार लवकर प्रगती होईल. आणि त्या कीबोर्डवाल्याला माझ्याकडून सांगा की मधे हात उचलायचा नाही.

प्रश्न : पुढच्या वेळी कुठला अल्बम ऐकायला आवडेल तुम्हाला? — नवी पेठ

'काइंड ऑफ ब्लू', दुसरा विचारच नाही. तो पण १९५९ चाच, त्याच स्टुडिओतला, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवसांत रेकॉर्ड झालेला. आणि आपल्या कानांना तो 'टाइम आउट'पेक्षा सोपा जाईल असं मला वाटतं, कारण त्यात कॉर्ड भराभर बदलत नाहीत, एकेका सुरावटीवर माणूस निवांत थांबतो. पहिलं गाणं 'सो व्हॉट' लावा आणि शेजारी पेटी घेऊन बसा. सोळा बार पांढरी दोन, काफी थाटाचे सूर. मग आठ बार तेच सूर अर्धा सूर वर, काळी दोन. मग आठ बार परत पांढरी दोन. एवढंच आहे, आणि त्यावर ट्रम्पेट, टेनर सॅक्स, अल्टो सॅक्स, पियानो सगळे आपापलं बोलून जातात. 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर, खमाज थाटाच्या जवळचं, सहाच्या झुलत्या लयीत. 'फ्लॅमेंको स्केचेस'मध्ये पाच सुरावटी आहेत आणि प्रत्येकीवर किती वेळ थांबायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं.

हे हुबेहूब वाजवणं तर अजूनच निरर्थक, कारण त्या सेशनला वादकांच्या हातात जेमतेम आराखडे होते आणि बाकी सगळं तिथल्या तिथे घडलेलं आहे. चौघांऐवजी सहा वादक लागतात, म्हणजे प्रवास, राहणं, मानधन सगळंच वाढतं, आणि आयोजक म्हणतात की आधी तिकिटं गेल्याशिवाय धाडस होणार नाही. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी महिनाअखेरपर्यंत मासिकाच्या पत्त्यावर नाव आणि किती जण येणार एवढं लिहून पाठवा, यादी मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन जातो.